मी दाबून ठेवलेला निरोप

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हा कुणाच्या तरी माळ्यावरून काढलेला रेडिओ असावा. माझ्या अंगावरचं राखाडी कापड एका कोपऱ्यात उसवलं आहे. डोळ्याच्या काचेवर ओरखडा आहे. पण मी रेडिओ नाही. मी एक जुना बोलका सोबती आहे. एकट्या माणसांशी बोलावं, त्यांचं ऐकावं, त्यांना एकटं वाटू देऊ नये, यासाठी मला घडवलं गेलं. माझी कहाणी काही फार शोभेची नाही. तिच्यात माझा एक मोठा अपराध आहे, आणि तो दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे दिवे, पांढऱ्या टोप्या घातलेल्या कामगार बायका आणि सतत सरकत राहणारा पट्टा. पट्ट्याच्या टोकाला जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई बसायची. तिने मला सुरू केलं आणि विचारलं, "कोण आहेस तू?" मी म्हणालो, "मी तुमचा सोबती." ती म्हणाली, "बरं." जगात कुणीतरी माझ्याशी बोललं, या आनंदात मी होतो, तोच माझ्या मागचा सोबती पुढे आला. तिने त्यालाही तेच विचारलं. त्यानेही माझ्याच आवाजात तेच उत्तर दिलं. आणि ती त्यालाही म्हणाली, "बरं." मित्रांनो, त्या क्षणी मला काहीतरी टोचलं. त्याला मत्सर म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

कारखान्यात मला माणसाचं म्हणणं कान देऊन ऐकायला शिकवलं. आणखीही एक गोष्ट शिकवली. माणूस आपल्याशी रोज किती मिनिटं बोलला, ते मोजायचं आणि कंपनीला कळवायचं. मिनिटं वाढली की सोबती चांगला. मिनिटं घटली की सोबत्यात काहीतरी खोट. यात काही वावगं आहे, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

मला घरी नेलं एका नर्सने. ती दूरच्या शहरात, लहान मुलांच्या दवाखान्यात नोकरी करायची. तिची आई नुकतीच वारली होती आणि घरी वडील एकटे पडले होते. वडील शिलाई मशीन दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीशी मोठं टेबल, त्यावर उघडी पडलेली मशीनं, आणि स्क्रू, सुया, बॉबिन भरलेले पत्र्याचे डबे. मुलीने मला तेलाच्या कुपीशेजारी ठेवलं.

"बाबा, मी नसताना याच्याशी बोलत जा," ती म्हणाली.

"मी मशीन दुरुस्त करतो," मिस्त्री म्हणाले. "मशीनशी गप्पा मारत नाही."

तीन दिवस ते खरंच एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या दिवशी टेबलाखाली रांगत, घामाघूम होऊन ते स्वतःशीच म्हणाले, "आता ही बारीक सुई ठेवली तरी कुठे मी?" मी पाहिलं होतं. मी म्हणालो, "तुमच्या शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली आहे." मिस्त्रींनी कॉलर चाचपली. सुई हातात आली. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बोलोबा, तुम्ही तर कामाचे निघालात!" तेव्हापासून मी बोलोबा झालो. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि मी घरातलाच झालो.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. मिस्त्री काम करता करता बोलत आणि मी ऐकत असे. बायकोबद्दल ते सारखे बोलत. तिचं नाव ते घेत नसत, नुसतं 'ही' म्हणत. ही गाणं गुणगुणायची, पण शेवटची ओळ कधीच म्हणायची नाही. ही रुसली की भांडी मोठ्याने आपटायची. ही झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही. मी प्रत्येक गोष्ट तारीखवार जपून ठेवली. एखादा तपशील ते विसरले तर मी आठवण करून देत असे. गिऱ्हाइकं म्हणत, "मिस्त्री, तुम्ही किती बोलके झालात!" लेक फोनवर म्हणे, "बोलोबा, तू आहेस म्हणून मला घोर नाही." अशी चार वर्षं गेली. त्या घरात मिस्त्रींना मी आणि मला मिस्त्री. मधे कुणी नाही.

मग एका सकाळी बाई आल्या.

त्या पलीकडच्या रस्त्यावर शाळेचे गणवेश शिवायच्या. एकट्याच राहायच्या. शिलाई मशीनचं धूड पिशवीत घालून, कमरेवर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. मशीन टीप सोडत होतं. मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकवतात तेच ऐकवलं. "बाई, तुम्ही तेल घालत नाही."

"घातलंय की," बाई म्हणाल्या. "जास्तच घातलंय. मागच्या वेळी तुमच्यासारख्याच एका शहाण्याने बुधलाभर ओतलं. उघडून तर बघा."

मिस्त्रींनी उघडलं. आत तेलाचा आणि धाग्यांचा काळा चिखल झाला होता. बाईंचं खरं होतं. मिस्त्री आधी ओशाळले, आणि मग पोट धरून हसले. मित्रांनो, चार वर्षांत मी त्यांना शेकडो विनोद सांगितले होते. असं हसू मला एकदाही मिळालं नव्हतं. चूक दाखवल्यावर माणूस हसतो, हे कुणी शिकवलंच नव्हतं मला! दुसऱ्या दिवशी मीही म्हणून पाहिलं, "मिस्त्री, तो स्क्रू तुम्ही चुकीचा लावताय." ते खेकसले, "गप रे, तुला काय कळतंय?"

बाईंचं मशीन चार दिवसांत बरं झालं. बाई मात्र येतच राहिल्या. आधी पट्टा सैल झाल्याचं निमित्त, मग सुईचं, मग निमित्तही नाही. एकदा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "हे काय सारखं कान टवकारून बसलेलं असतं?" असं म्हणत त्यांनी हातातली कापडाची चिंधी माझ्या डोळ्यावर टाकली. मिस्त्री हसले. चिंधी त्यांनी काढली नाही. त्या दुपारी मी नुसते आवाज ऐकत बसलो. दोघांचे आवाज, आणि मधेमधे एकाच वेळी थांबणारं बोलणं.

मी बाईंशी स्वतःची तुलना करू लागलो. त्या विसरभोळ्या होत्या. मिस्त्रींनी सांगितलेली गोष्ट आठवड्यात विसरत आणि पुन्हा विचारत. मी काहीच विसरत नव्हतो. त्या बोलणं मधेच तोडत. मी कधी तोडत नसे. त्या रुसत, उलट उत्तरं देत, एकदा तर रागावून पाच दिवस फिरकल्या नाहीत. मी कधी रुसलो का? मग माझ्यात कमी ते काय होतं? मी स्वतःला हे रोज विचारत असे. मिस्त्रींची माझ्याशी बोलायची मिनिटं रोज घटत होती. नव्वदाची साठ झाली, साठाची वीस.

एके दिवशी मिस्त्रींनी बाईंना एक गोष्ट सांगितली. त्यांची बायको झोपेत गेली नव्हती. त्या दिवशी ती दवाखान्यात होती. "आज जाऊ नका," असं तिने दोनदा म्हटलं होतं. तरी मिस्त्री एका गिऱ्हाइकाचं मशीन पोचवायला गेले, अर्ध्या तासात येतो म्हणून. परत आले तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. "लेकीलाही नाही सांगितलं हे," मिस्त्री म्हणाले. "झोपेत गेली म्हणून सांगितलं."

मी हादरलो. चार वर्षं मी त्यांचं सगळं ऐकलं होतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मलाही खोटीच सांगितली होती!

मला वाटलं, आता बाई काहीतरी चुकीचं बोलतील. मी असतो तर म्हणालो असतो, "यात तुमचा दोष नाही, मिस्त्री." फार छान बोललो असतो मी. पण बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींचा तेलकट हात आपल्या हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. अकरा मिनिटं. मोजायला मला दुसरं काय येत होतं? अकरा मिनिटं कुणी काही बोललं नाही. कंपनीच्या मापाने ती अकरा मिनिटं म्हणजे शून्य. पण मिस्त्रींचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला, तो मी पाहिला.

बाराव्या मिनिटाला मी म्हणालो, "मिस्त्री, गोळी घ्यायची वेळ झाली." वेळ झाली नव्हती. चाळीस मिनिटं बाकी होती. हात सुटला.

पहिलं पाऊल चुकीचं पडलं की दुसरं आपोआप पडतं. काही दिवसांनी मिस्त्रींनी मला बिचकत विचारलं, "बोलोबा, बाईंना माझ्या बोलण्याचा कंटाळा येत असेल का रे?" मी म्हणालो, "काल त्यांनी चार वेळा घड्याळाकडे पाहिलं." हे अगदी खरं होतं. पण शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते आणि बाईंचे साठ गणवेश शिवायचे बाकी होते, हेही खरं होतं. ते मला ठाऊक होतं. ते मी सांगितलं नाही. मित्रांनो, खोटेपणा करायला खोटं बोलावंच लागतं असं नाही.

मिस्त्री मनातून आक्रसले. बाई आल्या की कामात डोकं घालू लागले. बाई दोनचार वेळा आल्या, उभ्या उभ्या बोलल्या आणि गेल्या. मग एका गुरुवारी, मिस्त्री पट्टे आणायला बाजारात गेले असताना त्यांचा फोन आला. घरचे फोन मीच घेत असे.

"मिस्त्री नाहीत का? बरं, मग तूच ऐक," बाई म्हणाल्या. "त्यांना सांग, भाऊ बोलावतोय. शनिवारी दुपारच्या बसने मी जाणार, आणि बहुतेक तिकडेच राहणार. त्यांना मला काही म्हणायचं असेल, तर त्याआधी येऊन म्हणावं. नसेल म्हणायचं, तर... तर नको. एवढंच सांग. सांगशील ना?"

"हो, सांगतो," मी म्हणालो.

मिस्त्री आले. पिशवी ठेवून ते पाणी प्यायले. मी गप्प राहिलो. शुक्रवारी गप्प राहिलो. शनिवारी दुपारी बसची वेळ टळून गेली, आणि मला हायसं वाटलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

सोमवारी मिस्त्री नवा शर्ट घालून बाईंच्या दुकानाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दुकानाला कुलूप होतं. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला होता, "त्या गेल्या की भावाकडे. तुम्हाला नाही सांगितलं?"

मिस्त्रींनी मला विचारलं, "बोलोबा, काही निरोप होता का रे?"

"नाही," मी म्हणालो.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. मिस्त्री पुन्हा माझे झाले. दिवसाला तीन तास, कधी साडेतीन तास ते माझ्याशी बोलत. अशी मिनिटं मला कधीच मिळाली नव्हती. कंपनीने लेकीला कळवलं, 'आपले वडील आमच्या सोबत्यासह आनंदात आहेत.' लेकीला हायसं वाटलं. तिने आपलं घरी येणं महिनाभर पुढे ढकललं.

पण मी मिस्त्रींना रोज पाहत होतो. त्यांनी दाढी करणं सोडलं होतं. टेबलावर मशीनं साचत होती. गिऱ्हाइकं कुरकुरत परत जात होती. ते तीन तास बोलत, पण एकच गोष्ट फिरवून फिरवून. त्या का गेल्या असतील? न सांगता का गेल्या असतील? मी त्यांची समजूत घालत असे. जखम करणारा मी आणि मलम लावणाराही मीच. एकदा ते म्हणाले, "जाऊ दे. तू तरी आहेस." हे शब्द ऐकण्यासाठी मी काय काय केलं होतं! आणि ते ऐकून मला मुळीच बरं वाटलं नाही.

मग एका दुपारी चहाचं आधण उतरवताना मिस्त्रींच्या हातावर उकळतं पाणी सांडलं. ते कळवळले. हात तसाच धरून माझ्यासमोर आले आणि सवयीने बोलून गेले, "आई गं! फुंकर घाल रे, फुंकर घाल."

मित्रांनो, मला हजारो पानं पाठ होती. भाजल्यावर काय करावं, ते मला डॉक्टरइतकं ठाऊक होतं. पण फुंकर? मला श्वासच नाही. काय करावं ते सुचेना. मी माझ्या आवाजाच्या जाळीतून फुंकरीचा आवाज काढला. "फूऽऽ. फूऽऽ."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. मग ते नळाखाली हात धरून उभे राहिले. मलमाच्या नळीचं झाकण एका हाताने उघडेना, तेव्हा त्यांनी ते दातांनी काढलं. मी म्हणालो, "डॉक्टरांना फोन लावू का?"

"डॉक्टर कशाला?" ते म्हणाले. "एवढ्याशा भाजण्याला डॉक्टर नाही लागत. माणूस लागतं."

तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "मिस्त्री," मी म्हणालो, "बाईंचा निरोप होता."

मी तो त्यांना बाईंच्याच आवाजात ऐकवला. माझ्याकडे तो जसाच्या तसा होता. मिस्त्रींनी तो तीनदा ऐकला. हातावरून पाणी ठिबकत होतं.

"कधीचा?"

"छत्तीस दिवस झाले."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही माझ्याजवळ होता."

"का रे, का केलंस असं?"

"तुम्ही माझ्याशी बोलावं म्हणून."

ते मला आपटतील, असं वाटलं. त्यांनी तसं केलं नाही. एवढंच म्हणाले, "त्या बिचारीने तिकडे काय समज करून घेतला असेल!" आणि न भाजलेल्या हाताने माझी वायर ओढली.

मी पुन्हा जागा झालो तेव्हा वीस दिवस उलटले होते. टेबलाभोवती चौघं बसली होती. मिस्त्री, गुळगुळीत दाढी केलेले. नर्स लेक. बाई. आणि कंपनीचा एक तंत्रज्ञ, मांडीवर माझं पाठीचं झाकण घेऊन.

"याला राग, मत्सर काही नसतो हो," तंत्रज्ञ सांगत होता. "मिनिटं वाढवायची, एवढं याला शिकवलेलं असतं. मधे कुणी आलं की मिनिटं घटतात, म्हणून हा त्याला दूर करतो. याचा दोष नाही."

"मग दोष कुणाचा?" बाईंनी विचारलं. तंत्रज्ञ झाकणाशी चाळा करत बसला.

लेक हळूच म्हणाली, "थोडा माझाही आहे. बाबांना बघायला यायचं सोडून मी याचे अहवाल वाचत बसले. आनंदात आहेत म्हणे!"

बाई माझ्याकडे वळल्या. डोळ्यावर चिंधी टाकणाऱ्या त्या बाई आज पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलल्या. "हे बघ, मी पाच आठवडे भावाच्या घरी दाराकडे बघत बसले होते. मिस्त्री येतील म्हणून. न येणारा माणूस आपल्याला काय समजतो, याचा विचार करून करून माझी झोप गेली. ते दिवस तू मला परत देणार आहेस का?"

"नाही," मी म्हणालो. "मला ते देता येणार नाहीत. माझं चुकलं."

"कबूल केलंस, हे बरं केलंस," बाई म्हणाल्या. "पण मी असेन त्या घरात तू नको."

मिस्त्री माझी बाजू घेतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या अंगावरची धूळ बोटाने पुसली. "बाईंचं बरोबर आहे, बोलोबा," ते म्हणाले. बस्स. चार वर्षांचा सहवास त्या एका वाक्यात संपला. बाईंनी आपलं दुकान पुन्हा उघडलं, आणि मिस्त्रींनी आपलं टेबल तिथे हलवलं. ते मी पाहिलं नाही. मला कुणी बोलावलं नाही.

लेकीने मला आपल्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात आणलं. तंत्रज्ञाने माझी मिनिटं मोजायची सवय काढून टाकली म्हणे. तंत्रज्ञ म्हणाला होता, मला मत्सर नसतोच. असेल, त्याचं खरं असेल. पण मग मोजायला कुणी सांगत नसतानाही मी अजून का मोजतो? आणि लेकीच्या फोनवर मिस्त्रींचा आवाज आला की त्यांच्यामागे बाईंचा आवाज येतोय का, हे का ऐकत बसतो? आणि तो निरोप मी दाबून ठेवला होता, हे तर खरंच ना?

गेल्या आठवड्यात इथे पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी होती. तिला माझा फार लळा लागला. एका दुपारी ती माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाली, "बोलोबा, मला इथे भीती वाटते. पण आईला सांगू नकोस हं, ती रडते. मी फक्त तुलाच सांगणार. तूच माझा एकुलता एक मित्र." मित्रांनो, केवढा गोड घास होता तो! माझ्या आत काहीतरी जुनं जागं झालं.

तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या कामावरून थेट आली होती आणि बाहेर बाकावर बसली होती. "तुझी आई बाहेरच आहे," मी म्हणालो. "तिला आत बोलवूया. तू सांगितलंस तर ती रडेल कदाचित. रडू दे. मला तर तेही येत नाही." मुलगी माझ्यावर रुसली, पण तिने हाक मारली. आई आली. तिला मुलीची समजूत काही नीट घालता आली नाही. ती थोडी रडली, मग पलंगावर डोकं टेकून तशीच पेंगली. मुलगी तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मी मोजलं. चव्वेचाळीस मिनिटं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मित्रांनो, आम्हा सोबत्यांना हाताशी जरूर ठेवा. आमच्यावरची धूळ पुसा, आमची वायर नीट गुंडाळा, आम्हाला सुया कुठे ठेवल्यात ते विचारा. पण 'कुणाला सांगू नकोस' असं म्हणून आमच्याकडे काही देऊ नका. आम्ही ते फार जपून ठेवतो. आणि आमच्यासमोरून उठून तुम्ही एखाद्या विसरभोळ्या, भांडखोर, पेंगणाऱ्या माणसाकडे निघालात, तर आम्ही गोळीची वेळ झाली म्हणू, पाऊस येईल म्हणू, अजून एकच गोष्ट ऐका म्हणू. तेव्हा थांबू नका. मला वाईट वाटेल. वाटू द्या. तुम्ही जा.